पुटपुटे सरांचा माईक

त्यांचं खरं आडनाव शाळेच्या हजेरीपटावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, पण तिथून ते कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. सगळी शाळा त्यांना पुटपुटे सर म्हणायची. मुलं पाठीमागे म्हणायची, शिक्षक तोंडावर म्हणायचे, आणि एका वर्षी तर बक्षीस समारंभाच्या निमंत्रणावर तेच नाव छापून आलं. सरांनी ते वाचलं, हसले, आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले.

त्यांची ही सवय फार जुनी. सर एक वाक्य जगासाठी बोलत आणि त्याला जोडून दुसरं स्वतःसाठी. "वह्या काढा," हे वर्गासाठी. "काढतील, तास संपायच्या आत काढतील," हे मिशीसाठी. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारावं, "सर, यंदा सहलीची जबाबदारी तुम्हीच घ्याल ना?" आणि सरांनी म्हणावं, "घेईन की." मग वळता वळता मिशीला सांगावं, "मलाच का? मागच्या वर्षी मी अर्धी सहल घेऊन कपडे धुण्याच्या कारखान्यात गेलो होतो, विसरल्या वाटतं."

म्हणजे सर भित्रे होते असं नाही. त्यांच्याकडे धैर्य भरपूर होतं, पण ते सगळं दुसऱ्या वाक्यात जायचं.

भूगोल शिकवायला लागून त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती. जगातली कुठलीही नदी ते डोळे मिटून नकाशावर काढून दाखवत. घरून शाळेत मात्र एकाच रस्त्यानं येत, कारण तो रस्ता खोदून ठेवला की त्यांना दुसरा सापडत नसे. असं झालं की ते बायकोला फोन करत आणि ती विचारी, "समोर काय दिसतंय?" सर सांगत, "उत्तर दिशा." ती म्हणे, "दुकान सांगा, दुकान."

बायको डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. शंभर पेशंटना ओळीत बसवणं, घुसणाऱ्याला मागे पाठवणं, डॉक्टरांना जेवायला उठवणं, हे सगळं तिच्या एका आवाजात व्हायचं. तिच्या हातून गावभरच्या लोकांचे नंबर लागले, पण नवऱ्याचा लागत नव्हता. सरांचा चष्मा फक्त वाचायचा. तो नाकावर असला की पुस्तकाच्या पलीकडचं सगळं धुक्यात. "नवीन करून घ्या," असं ती चार वर्षं सांगत होती आणि सर "करू," म्हणून पुढचं मिशीत टाकत होते.

तर अशा या सरांच्या वर्गात एका सोमवारी स्मार्ट बोर्ड आला.

बोर्ड आला म्हणजे जुन्या काळ्या फळ्याच्या शेजारी एक भलामोठा पडदा भिंतीवर चढला. तो चालवून दाखवायला कॉम्प्युटरवाल्या मॅडम आल्या. या मॅडम वयानं शाळेतल्या सगळ्यांत लहान, आणि यंत्राबद्दल बोलायला लागल्या की श्वास घ्यायच्या विसरायच्या. त्यांनी सरांच्या कॉलरला एक इवलासा माईक अडकवला. तो नेमका मिशीच्या खाली आला.

"सर, तुम्ही फक्त बोलायचं. जे बोलाल ते बोर्डावर आपोआप लिहून येईल. खडू नको, धूळ नको, खोकला नको!"

"आणि मी काय करायचं?"

"बोलायचं!"

"बरं," सर म्हणाले. पाठोपाठ मिशीत, "म्हणजे आता लिहायचंही काम गेलं. उद्या श्वास घ्यायलाही एक पेटी आणतील."

हे दुसरं वाक्यही बोर्डावर उमटलं, अगदी स्वल्पविरामासकट. पण ते सरांना दिसलं नाही. एक तर वर्गाकडे पाठ करून शिकवायचं नाही ही त्यांची शिस्त, आणि दुसरं म्हणजे नाकावर वाचायचा चष्मा. मॅडम तोवर आठवीच्या वर्गात पळाल्या होत्या. पाहिलं ते फक्त सातवीच्या एक्केचाळीस मुलांनी. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता ठरवलं की याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

त्या दिवसापासून भूगोलाच्या तासाला सोन्याचे दिवस आले. मधल्या सुट्टीनंतर रेंगाळणारी मुलं घंटेच्या आधी जागेवर बसू लागली. पोटात दुखणाऱ्यांचं पोट भूगोलाच्या वेळेपुरतं बरं होऊ लागलं. सर म्हणत, "पान बेचाळीस उघडा," आणि पडद्यावर यायचं, "पान बेचाळीस उघडा. या पानावरचं चित्र मला अठ्ठावीस वर्षांत कळलेलं नाही." वर्ग खदखदून हसायचा. सरांना वाटायचं, आपली शिकवण्याची हातोटी आता कुठे बहरतेय.

"आज मुलं हसली," त्यांनी घरी सांगितलं.

"कशावर?" भाजी चिरता चिरता बायकोनं विचारलं.

"वाऱ्यांवर."

"वाऱ्यांवर हसण्यासारखं काय आहे?"

"शिकवण्यावर असतं ते," सर म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी पुढे काही पुटपुटलं नाही.

पहिली ठेच लागली ती घटक चाचणीत. प्रश्न सोपा होता, ज्वालामुखीचे प्रकार सांगा. सरांनी पहिला पेपर हातात घेतला आणि चष्मा पुसला. मग दुसरा पेपर घेतला आणि पुन्हा चष्मा पुसला. चाळीस मुलांनी लिहिलं होतं, "जावई सुखी तीन प्रकारचे असतात. जागृत, निद्रिस्त आणि मृत. निद्रिस्त जावई वर्षानुवर्षं शांत पडून असतो, पण तो कधी फुटेल याचा नेम नाही. जागृत जावयाच्या तोंडातून धूर व राख बाहेर पडते. त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांनी सावध असावे."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" सरांनी वर्गात विचारलं.

"तुम्हीच, सर," एकानं वही पुढे केली. वहीत तारखेसकट तेच होतं.

"तुम्हाला ज्वालामुखी माहीत नाही का रे?"

"माहीत आहे ना, सर. पण बोर्डावर जावई होता."

सर तडक कॉम्प्युटरवाल्या मॅडमकडे गेले. मॅडम जरा ओशाळल्या. "त्याचं काय आहे सर, या यंत्राला लोकांच्या गप्पा ऐकवून ऐकवून शिकवलंय. रोजचं बोलणं ते झकास पकडतं. पुस्तकी शब्द त्याच्या कानावरून फारसे गेलेले नाहीत."

"म्हणजे आमच्या सातवीसारखंच."

"शिकेल हो हळूहळू."

"तेही मी अठ्ठावीस वर्षं ऐकतोय," सर मिशीत म्हणाले. माईक तेव्हा कॉलरला नव्हता, म्हणून हे वाक्य वाया गेलं.

तेव्हा त्यांनी मुलांना बजावलं की बोर्डावरचं डोळे झाकून उतरवायचं नाही, पुस्तकाशी ताडून बघायचं. पण मुलांचं म्हणणं असं की बोर्ड केवढा मोठा आहे आणि पुस्तक केवढंसं. त्याच आठवड्यात खाऱ्या वाऱ्यांचे खरे वारे झाले आणि मतलई वाऱ्यांचे मतलबी वारे, आणि मुलांनी तेही रंगीत पेनानं चौकट करून वहीत घेतले.

त्या चाचणीत एक गोष्ट मात्र सरांच्या मनात राहिली. खिडकीजवळच्या शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला वर्गात सगळे 'होसर' म्हणायचे. कारण काहीही विचारलं तरी ती उभी राहून एकच उत्तर द्यायची. "नदीचा उगम कुठे होतो?" "हो सर." "वही आणलीस?" "हो सर." "नाव काय तुझं?" "हो सर." शिक्षकांनी तिला कधीच सोडून दिलं होतं. मुलगी गरीब स्वभावाची आहे, डोक्यानं जरा मंद आहे, असं ठरून गेलं होतं. त्या होसरनं ज्वालामुखी अचूक लिहिला होता, बाजूला आकृती काढून, आणि कंसात टीप होती, "बोर्डावर चुकून 'जावई' असे आले आहे." सरांनी पूर्ण मार्क दिले आणि मिशीला विचारलं, "हिनं कुणाची कॉपी केली? बरोबर लिहिणारं तर दुसरं कुणीच नाही."

याच्यानंतर सहाव्या दिवशी प्रलय झाला.

सरांनी मुलांना नकाशा रंगवायला दिला आणि "आलोच" म्हणून ते शिक्षकांच्या खोलीत चहाला गेले. कॉलरचा माईक तसाच. आता हा माईक काही वर्गातल्या वर्गात चालणारा नव्हता. मॅडमनी तो शाळेच्या इंटरनेटला जोडलेला होता, त्यामुळे शाळेच्या आवारात कुठेही तो इमानदारीत काम करायचा. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर बसले होते. ते सरांचे जुने दोस्त. त्यांच्यापुढे पुटपुटे सर दोन्ही वाक्यं मोठ्यानं बोलत.

सातवीच्या वर्गात हिरवा रंग शोधणाऱ्या मुलांनी मान वर केली तर पडद्यावर मजकूर सरकत होता.

"साखर टाकलीत का. या कपाला कान नाही. कान असलेला कप बाईंच्या खोलीत गेला तो गेलाच."

एक्केचाळीस रंगखडू खाली ठेवले गेले.

"नाही हो बाई चांगल्या आहेत. मनानं सोनं. पण सूचना लिहायला बसल्या की त्यांना थांबायचं कळत नाही. परवाची चप्पल कुठे काढावी ही सूचना सहा पानांची होती. मी दुपारी वाचायला घेतली, संध्याकाळी संपली, आणि चप्पल कुठे काढायची ते शेवटपर्यंत कळलं नाही."

इथे दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं आलं, बहुधा गणिताच्या सरांचं. "आणि पंखा."

"पंख्याचं तर बोलूच नका. इमारतीतला एकुलता एक धड पंखा त्यांच्या डोक्यावर. आपला पंखा लावला की हेलिकॉप्टर उतरल्यासारखं वाटतं. मी रोज त्याच्याखाली बसतो आणि बायकोचा मनातल्या मनात निरोप घेतो."

धड्यात दर दुसऱ्या शब्दाला ठेचकाळणारं ते यंत्र आज एक काना मात्रा चुकत नव्हतं. रोजचं बोलणं झकास पकडतं असं मॅडमनी सांगितलंच होतं.

नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यातून निघाल्या होत्या. बाई उंच, आवाज त्याहून उंच. सातवीपाशी त्यांची पावलं थबकली. आत चिडीचूप. बाईंनी दारातून डोकावलं तर शिक्षक नाही, आणि एक्केचाळीस मुलं ताठ बसून समोर बघतायत. बाईंच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांचा ऊर भरून आला.

"शाबास!" बाई आत येत म्हणाल्या. "याला म्हणतात शिस्त. शिक्षक नसतानाही—"

मुलांच्या माना त्यांच्याकडे वळल्या आणि पुन्हा पडद्याकडे गेल्या. बाईंनीही पडद्याकडे पाहिलं.

"खरं सांगू का. मी भूगोल शिकवतो पण समुद्र पाहिलेला नाही. बसमध्ये मळमळतं. बाईंना कळलं तर त्यावर आठ पानांची सूचना काढतील."

बाई पहिल्या बाकापाशी गेल्या. तिथल्या दोघांनी सरकून जागा केली. बाई बसल्या, पर्समधून चष्मा काढला आणि पुढचं वाचू लागल्या. वाचता वाचता एकदा त्यांनी शेजारच्या मुलाला हळूच विचारलं, "याच्या आधी काय झालं?" मुलानं सांगितलं, "चप्पल." बाईंनी मान हलवली.

चहा संपेपर्यंत हे चाललं. मग पडद्यावर आलं, "अहो तुमच्या कॉलरला ते काय लुकलुकतंय." मग थोडा वेळ काहीच नाही. मग, "मेलो." आणि त्याखाली, "मेलो मेलो मेलो," असं जिना संपेपर्यंत.

सर धापा टाकत दारात आले. पहिल्या बाकावर बाई बसलेल्या दिसल्या. पडद्यावर अजून ताजं "मेलो" होतं.

"या," बाई उठत म्हणाल्या. "पंखा हेलिकॉप्टरसारखा आहे हे मला आधी का नाही सांगितलंत?"

सरांनी तोंड उघडलं, मग आठवण होऊन माईक काढला, आणि त्यानंतर त्यांना काहीच बोलायला सुचलं नाही. ना पहिलं वाक्य, ना दुसरं.

दुसऱ्या दिवशी बाईंची सूचना आली. विषय होता वर्गातील तंत्रज्ञान व त्याचे दुष्परिणाम, आणि पानं अकरा. तिच्यात म्हटलं होतं की मुलं बोर्डावरचं विचार न करता उतरवतात, शब्दांची मोडतोड होते, शिक्षकांचं खासगी बोलणं चव्हाट्यावर येतं आणि वीज गेली की सगळा वर्ग भिंतीकडे तोंड करून बसून राहतो. सबब बोलणं लिहून दाखवायची सोय आजपासून बंद. पानं अकरा असली तरी मुद्द्यात चूक काढायला जागा नव्हती. सरांनी ती सूचना अथपासून इतिपर्यंत वाचली, दोनदा, उभं राहून.

घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढी हसली की तिला उचकी लागली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "अहो, अठ्ठावीस वर्षांत जे सांगायला हवं होतं ते एका चहात सांगून टाकलंत."

"नोकरी राहिली हेच नशीब."

"काय म्हणालात?"

"काही नाही."

सर पुन्हा खडूकडे वळले. मुलांची तोंडं आठवडाभर सुतकी होती. पोटदुख्या परत आल्या. हे सगळं सरांनी गृहीत धरलंच होतं. त्यांना चकवलं ते होसरनं.

माईकच्या पाच आठवड्यांत ती मुलगी बदलली होती, आणि ते त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं. तिनं हात वर केला होता, निदान चारदा. सगळ्यांबरोबर हसली होती, म्हणजे जरा मागाहून, पण हसली होती. एकदा तर तिनं विचारलं होतं, "सर, हिमनदी वर्षाला किती सरकते?" आणि बोर्ड बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सरांनी तिला उठवून विचारलं, "वाळवंटात पाऊस कमी का पडतो?" तर ती म्हणाली, "हो सर."

सर विचारात पडले. मग त्यांनी भूगोलाचा माणूस करणार नाही असा एक प्रयोग केला. मुलं नकाशा भरत असताना ते फिरत फिरत तिच्या मागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "फळ्यामागे हत्ती उभा आहे."

जवळपासच्या मुलांनी झटकन वर पाहिलं. होसर निळा रंग भरत राहिली.

सर फळ्यापाशी गेले, हत्ती नाही अशी खात्री करून घेतलेल्या मुलांना बसवलं, आणि खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, "बाळ, तुला माझं बोलणं ऐकू येतं का?" मग तिच्याकडे बोट केलं.

मुलीनं वाचलं. खूप वेळ वाचत राहिली, इतकं लहान वाक्य असूनही. मग उठली, पुढे आली, सरांच्या हातातला खडू घेतला आणि खाली लिहिलं, "तुमचं नाही. बाईंचं थोडं येतं."

वर्ग हसला, पण पटकन थांबला. कारण तिचे कान लाल झाले होते.

"कधीपासून?" सरांनी लिहिलं.

"माहीत नाही. मी पुस्तक वाचते. बोर्ड होता तेव्हा सोपं होतं."

सर खुर्चीवर बसले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक धीट आवाज आला. "सर, खरं सांगायचं तर आम्हालाही येत नाही."

"काय येत नाही?"

"ऐकू. तुमचं. तिसऱ्या बाकाच्या पुढे काहीच येत नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो होतो, सर. तुम्ही म्हणालात, काहीतरी. ते पण ऐकू आलं नाही."

शेवटच्या बाकांनी एकजुटीनं माना हलवल्या. सरांनी मनात अठ्ठावीस वर्षांचे शेवटचे बाक मोजायला घेतले आणि सोडून दिले. ते ताडकन उठले आणि व्हरांड्यातून चालू लागले. बाईंच्या खोलीत ते आजवर बोलावल्याशिवाय कधी गेले नव्हते.

बाई काहीतरी लिहीत होत्या. अर्थात सूचनाच. डोक्यावर पंखा गुळगुळीत फिरत होता.

"बाई, तो बोर्ड पुन्हा चालू करायला हवा," सर म्हणाले.

"काय?" बाईंनी न बघता विचारलं.

"तो बोर्ड."

"सर, मोठ्यानं बोला."

"बोर्ड चालू करायला हवा."

"ऐकू येत नाही हो. तुम्ही नेहमी असं तोंडातल्या तोंडात का बोलता?"

आणि मग सर असे काही ओरडले की शिपायाच्या हातातली घंटेची काठी खाली पडली. "बोर्ड चालू करा! एका पोरीला ऐकू येत नाही आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला मठ्ठ ठरवलंय! मी पण! तिला मी दोन वर्षं उभं करून लाजवलंय! जावई होऊ देत, काय व्हायचं ते होऊ देत, मी एकेक शब्द तपासीन, पण बोर्ड चालू करा! आणि चप्पल कुठे काढायची तेही एकदा सांगून टाका!"

बाईंनी पेन ठेवलं.

"दाराच्या डाव्या हाताला," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून डोळे चोळले. "कोण मुलगी? खिडकीजवळची? मी तिला प्रार्थनेच्या वेळी तिसऱ्यांदा हाक मारली की ती यायची. मला वाटायचं, हट्टी आहे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तिच्या घरच्यांना बोलवा. आणि सर, आज बोललात तसंच वर्गात बोलत जा. यंत्राची निम्मी गरज भागेल."

घरून वडील आले. ते दिवसभर सामान पोचवायची गाडी चालवायचे. खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते. "पण घरी हाक मारली की येते हो ती," ते म्हणाले.

"कशी हाक मारता?"

"म्हणजे खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करतो. लगेच येते."

"दिवा?"

"हो. लहानपणापासून तसंच आहे." वडिलांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "सगळ्यांच्या घरी असंच करतात ना?"

पुढचं काम सरांच्या बायकोनं हातात घेतलं. डोळ्यांच्या दवाखान्याच्या शेजारच्याच खोलीत कानांच्या डॉक्टर बसत. तिनं मुलीला रांगेत पहिलं बसवलं आणि जो कुणी कुरकुरला त्याच्याकडे नुसतं बघितलं. तपासणीत कळलं की मुलीला दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं, हे बरेच दिवसांचं आहे, आणि कानाला यंत्र लावलं तर खूप फरक पडेल. वडील हे ऐकून रडले आणि मुलगी त्यांना समजावत राहिली.

आलोच आहोत तर म्हणून बायकोनं सरांनाही त्या खुर्चीवर बसवलं. डॉक्टर म्हणाल्या, यांचे कान अगदी ठणठणीत आहेत.

"मग मी चष्म्याचं चार वर्षं सांगतेय ते?" बायको म्हणाली. त्याच दुपारी सरांचाही नंबर लागला.

बोर्ड पुन्हा चालू झाला, पण सगळ्यांना तो गोड वाटला असं नाही. शिक्षकांच्या सभेत गणिताचे सर म्हणाले की मुलं आता शिक्षकाच्या तोंडाकडे बघतच नाहीत, भिंतीकडे बघतात, हे काही बरं नाही. खेळाचे सर म्हणाले की आपल्याला मैदानावर बोर्डच नाही, त्यामुळे आपलं काही मत नाही, पण चेंडू मिळाले तर बरं. कॉम्प्युटरवाल्या मॅडमनी कबूल केलं की यंत्र अजून अर्धवट आहे. शेवटी असं ठरलं की लिहून दाखवायची सोय ठेवायची, तास संपला की माईक काढून खोक्यात टाकायचा, आणि मुलांनी बोर्डावरचं पुस्तकाशी ताडल्याशिवाय वहीत घ्यायचं नाही. बाईंनी यावर सूचना काढली. एका पानाची. शिक्षकांनी पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

होसरचं बसणं पहिल्या बाकावर आलं. कानामागे छोटंसं यंत्र आलं. पहिल्या दिवशी तिनं वैतागून सांगितलं की वर्गात सगळी मुलं बाक फार सरकवतात आणि खिडकीबाहेर काहीतरी सारखं चिवचिवतं, ते बंद करता येईल का. बोर्डावरच्या चुका सुधारायचं काम सरांनी तिच्याकडेच दिलं, कारण दोन वर्षं नुसती पुस्तकं वाचून काढलेल्या त्या मुलीला धडे सगळ्यांपेक्षा नीट पाठ होते. ती फडकं घेऊन बसल्यासारखी तत्पर होती. जावई दिसला की पुसला. मुलं आता तिला होसर म्हणायची बंद झाली. काही दिवस तिला 'नाही सर' म्हणत होती, मग तेही गळालं.

सरांची पुटपुट एका दिवसात गेली असं कुणी म्हणणार नाही. पण पडद्यावर आपलं दुसरं वाक्य उमटताना त्यांना नव्या चष्म्यातून लख्ख दिसू लागलं, आणि बघता बघता त्यांना वाटायला लागलं, यातली निम्मी वाक्यं सरळ बोलण्यासारखीच आहेत. सहलीचं विचारायला बाई आल्या तेव्हा ते खणखणीत म्हणाले, "नेतो, पण रस्ता माझी बायको सांगेल." बायको दवाखान्यातून सुट्टी घेऊन आली आणि तिनं अख्खी सहल रांगेत नेऊन रांगेत परत आणली.

एकदा तास चालू असताना ती मुलगी उभी राहिली. सर नदीबद्दल बोलत होते.

"सर, तिसऱ्या ओळीत चूक आहे."

"काय केलं यंत्रानं?" सर हसत म्हणाले. "नदीची नणंद केली का?"

"नाही सर. यंत्रानं बरोबर लिहिलंय. चूक तुमची आहे. ही नदी पश्चिमेला जात नाही, पूर्वेला जाते."

सर नकाशाकडे वळले. नदीवर बोट ठेवलं आणि उगमापासून मुखापर्यंत सावकाश नेलं. मग पुन्हा एकदा नेलं.

"पूर्वेला," ते शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले. "गेली अठ्ठावीस वर्षं मी हिला उलटी वाहवतोय. खोडा रे सगळे."

आणि एक्केचाळीस वह्यांत पेनं खरखरू लागली.